जीवसुता : एका सेनानीचे आईने लिहिलेले चरित्र

रोमन सेनापती ॲग्रिकोला याचे चरित्र त्याच्या जावयाने लिहिले. जावई साधासुधा नव्हता. तो टॅसिटस होता. इ. स. 40 मध्ये जन्मलेला आणि 93 मध्ये वारलेला हा सेनापती ब्रिटनचा सुभेदार होता. तेथील उत्तरेकडच्या टोळ्यांना त्याने नमवले आणि डोमिशियन बादशहाच्या मर्जीतून उतरल्यावर रोममध्ये येऊन तो मुकाट राहिला. डोमिशियनचा खून झाल्यानंतर दोन वर्षांनी, 98 मध्ये, टॅसिटसने सासऱ्याचे चरित्र प्रसिद्ध केले. सासऱ्याच्या अखेरच्या दिवसांत आपण आणि आपली पत्नी त्याच्याजवळ नव्हतो, ही खंत त्या ग्रंथाच्या शेवटी आहे. त्याच्या आधीच्या रोमन सेनानींनी तर दुसऱ्यावर विसंबण्याची गरजच ठेवली नव्हती. सीझरने आपल्या मोहिमांची हकिकत स्वतःच लिहिली, तीही तृतीय पुरुषात. ऑगस्टसने आपल्या कर्तबगारीची यादी स्वतः करून ती समाधीपुढे कांस्यपटांवर कोरण्याची व्यवस्था केली. थोडक्यात, रोममध्ये सेनानीचे चरित्र एक तर तो स्वतः लिहितो किंवा त्याचा जावई.

जवळजवळ त्याच काळात, नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरात, एका सेनानीचे चरित्र त्याच्या आईने कोरवून ठेवले. सेनानीचे नाव गौतमीपुत्र सातकर्णी आणि आईचे नाव गौतमी बलश्री. या मजकुराकडे आपण मराठीच्या अभ्यासकांनी आजवर पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही, अशी माझी तक्रार आहे. पुढचे सारे लिहिणे त्या तक्रारीपोटी आहे.

योगायोग असा की नाशिकच्या त्याच डोंगरात जावयाचा लेखही आहे. ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो त्या समूहातील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. उषवदात हा क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई. त्याने किती गायी दिल्या, किती ब्राह्मणांना जेवू घातले, कोणत्या नद्यांवर फुकट तरी चालवल्या, हे तो सांगतो. त्या नद्यांत आपली तापीही आहे, अर्थात इतर नावांवरून पाहता ती समुद्राजवळची, खालच्या अंगाची तापी असावी. मालयांचा वेढा उठवायला आपण गेलो आणि नुसत्या चाहुलीनेच ते पळाले, हेही तो प्रथम पुरुषात नोंदवतो. पराभूत पक्षाचा जावई दहाव्या लेण्यात बोलतो आणि जेत्या पक्षाची आई तिसऱ्या लेण्यात. या दोन लेण्यांमध्ये काही पावलांचेच अंतर आहे. तिसरे लेणे दहाव्याच्या धर्तीवर, पण अधिक नटवून कोरलेले आहे, हे स्थापत्याच्या अभ्यासकांनी फार पूर्वीच दाखवले आहे. स्पर्धा दगडातही दिसते.

गौतमीपुत्राचे आयुष्य सांगायचे तर ते दोन परिच्छेदांत संपते. सातवाहनांची सत्ता क्षहरातांनी मागे रेटली होती. नाशिक, कार्ले, जुन्नर हा सारा पट्टा नहपानाच्या ताब्यात गेला होता. गौतमीपुत्राने तो परत घेतला. त्याचा काळ कोणी इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात धरतात, कोणी दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात. तो वाद नाण्यांच्या आणि शकांच्या गणितावर चालला आहे आणि आपल्या मुद्द्याला त्याने फरक पडत नाही. राज्यवर्ष 18 मध्ये तो नाशिक भागात जेता म्हणून उभा आहे आणि राज्यवर्ष 24 नंतरचा त्याचा लेख मिळत नाही.

नहपानाच्या पराभवाचा पुरावा 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी येथे सापडला. 13,000हून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली. सगळी नहपानाची, पण त्यांतल्या 9,000हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवलेला. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. अनेक नाण्यांवर खालचा चेहरा पुरता पुसला गेलेला नाही. डोंगराच्या कमानीखालून नहपानाचे नाक डोकावते. विजयाची याहून बोलकी प्रतिमा कुण्या कवीला सुचली नसती. (ही नाणी वितळवून नवी पाडणे अधिक खर्चाचे झाले असते, हा त्यामागचा रोकडा हिशोब. पण प्रतिमा म्हणून ती आपल्याला मिळाली ती मिळालीच.)

एवढे झाल्यावर उरतो तो बलश्रीचा लेख. गौतमीपुत्राचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्यवर्ष 19 मध्ये, ग्रीष्माच्या दुसऱ्या पक्षात, तेराव्या दिवशी तो कोरला गेला. म्हणजे प्रचलित कालगणनेनुसार मुलगा जाऊन जवळजवळ दोन दशके उलटली आहेत, नातू गादीवर मुरला आहे, आणि आता वृद्ध झालेली आजी भदावनीय पंथाच्या भिक्षूंना लेणे दान देते आहे. दानलेखाला दोन-चार ओळी पुरतात. या लेखात मात्र दानाचा तपशील शेवटी येतो. त्याआधी मुलाचे वर्णन आहे, आणि ते संपता संपत नाही.

आता थोडे व्याकरण. हा सारा लेख प्राकृत गद्यात आहे आणि त्याचा मुख्य भाग म्हणजे एकच प्रदीर्घ वाक्य आहे. त्या वाक्यात गौतमीपुत्राची विशेषणे एकामागून एक येतात, काही तर ओळभर लांबीच्या समासांची, आणि ती सगळी षष्ठीत आहेत. अमक्याचा, तमक्याचा, असे करत करत आपण पुढे सरकतो आणि शेवटी या साऱ्या षष्ठ्या ज्या एका शब्दाला लगडलेल्या आहेत तो शब्द येतो : माता. पर्वतांसारखा बळकट, शकांचा, यवनांचा, पल्हवांचा नाश करणारा, सातवाहन कुळाचे यश पुन्हा उभे करणारा असा जो राजा, त्याची आई महादेवी गौतमी बलश्री, हिने हे लेणे करवले. वाक्याची कर्ती ती आहे. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले तो राजांचा राजा व्याकरणाच्या दृष्टीने तिचे विशेषण आहे.

हे मी वर्गात फळ्यावर विभक्ती मांडून दाखवतो तेव्हा मुले क्षणभर गप्प होतात. इतिहासाच्या पुस्तकात त्यांनी हा लेख वाचलेला असतो, पण तिथे तो तुकड्यांत असतो : प्रदेशांची यादी, शत्रूंची यादी, धर्मविषयक धोरण. वाक्य म्हणून तो त्यांनी पाहिलेलाच नसतो.

वाङ्मय म्हणून या लेखाकडे पाहणारा पहिला मोठा अभ्यासक जर्मन पंडित गेओर्ग ब्यूलर. 1890 मध्ये त्याने भारतीय शिलालेखांच्या आधारे अलंकृत काव्याच्या प्राचीनतेविषयी जो निबंध लिहिला त्यात गिरनारच्या रुद्रदामनाच्या लेखाबरोबर नाशिकचा हा लेख घेतला होता. संस्कृत काव्यशैली कालिदासाच्या किती आधी घडून चुकली होती हे दाखवायचे, हा त्याचा हेतू. त्यामुळे बलश्रीचा लेख त्याच्यासाठी साक्षीदार ठरला, आरोपी-फिर्यादी कोणी वेगळेच. पुढे एमिल सेनार यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात नाशिकचे लेख संपादित केले, मराठीत वा. वि. मिराशी यांचे 'सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख' हे पुस्तक आहे. म्हणजे साहित्याच्या विद्यार्थ्याला हा मजकूर मिळत नाही असे म्हणायची सोय नाही. मिळतो, पण इतिहासाच्या कपाटात.

इतिहासकारांनी त्यातून घेतले ते त्यांच्या कामाचे. असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकर-अवंती अशी देशांची नावे आहेत. त्यातला पहिला असिक म्हणजे ऋषिक, आणि ऋषिक म्हणजे आपला खानदेश, असे मिराशींचे मत. काही विद्वान हा ऋषिक कृष्णेच्या काठी नेतात. खानदेशी माणूस म्हणून माझे मत कुठल्या बाजूला झुकते हे सांगायला नको. पण हा वाद अभिमानाने सुटणारा नाही. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट वेगळी आहे. या यादीतली निम्मी नावे, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, आकर-अवंती, इ. स. 150 च्या सुमाराच्या गिरनारच्या लेखात पुन्हा येतात, आणि तिथे ती शक महाक्षत्रप रुद्रदामनाच्या राज्यात आहेत. दक्षिणापथाच्या सातकर्णीला आपण दोनदा हरवले आणि जवळचे नाते असल्यामुळे समूळ नष्ट केले नाही, असेही रुद्रदामन त्या लेखात सांगतो. टॉलेमीच्या भूगोलातही उज्जैन चष्टनाचे आणि पैठण पुळुमावीचे आहे. म्हणजे आजी ही यादी कोरवत होती तेव्हा त्यातला बराच मुलूख हातातून निसटला होता किंवा निसटण्याच्या बेतात होता.

इतिहासकार येथे म्हणतात, प्रशस्तीतली अतिशयोक्ती वजा करून वाचा. ते त्यांच्या शास्त्राला धरूनच आहे. साहित्याच्या वाचकाने मात्र वजाबाकी न करता वाचायला हवे. नातवाच्या राज्यात जे उरलेले नाही ते मुलाच्या नावावर दगडात लिहून ठेवणे, ही कृती काय आहे? गर्व तर आहेच. पण म्हातारी आई गेलेल्या मुलाबद्दल बोलताना त्याच्या कर्तृत्वाची बाकी कमी होऊ देत नाही, हेही त्यात आहे. आपल्या खेड्यापाड्यांत अशा आया पुष्कळ. विकलेल्या वावराची चतुःसीमा त्यांना तोंडपाठ असते आणि ते वावर मुलाने कसे कमावले होते हे त्या अजून सांगतात.

मुलाचे जे वर्णन ती करते त्यात एकाही लढाईचा वृत्तान्त नाही. सेनानीच्या चरित्रात लढाई नाही! ॲग्रिकोलाच्या चरित्रात टॅसिटस शेवटच्या लढाईला पाने देतो, फौजा कशा उभ्या होत्या ते सांगतो. बलश्रीच्या लेखात विजयाचे निकाल आहेत, रण नाही. त्याऐवजी शरीर आहे : सूर्याने फुलवलेल्या कमळासारखे तोंड, हत्तीसारखी डौलदार चाल, नागराजाच्या वेटोळ्यासारखे भरदार बाहू, आणि अभय देताना सोडलेल्या पाण्याने सतत ओला राहिलेला हात. ही शेवटची कल्पना मला फार मोलाची वाटते. तलवार धरणारा हात तिला दिसला असणारच. तिने लिहून ठेवला तो ओला हात. नगरजनांच्या सुखदुःखात आपले सुखदुःख मानणारा, धर्माने ठरवले तेवढेच कर घेणारा, आईच्या सेवेत कधी खंड न पाडणारा. ही शेवटची ओळख राजाच्या प्रशस्तीत कशाला हवी होती, असे कुणी विचारील. लेख कोणाचा आहे हे ध्यानात घेतले की प्रश्न उरत नाही.

पण याच वाक्यात एक पेच आहे आणि तो सोडवायच्या भानगडीत पडू नये. क्षहरातांचा वंश निःशेष केला, असे ती सांगते. आणि अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेणे त्याला आवडत नसे, असेही सांगते. दोन्ही विशेषणे एकाच मुलाला, एकाच षष्ठीत. राजकीय भाष्यकार म्हणेल, ही ढोंगी राजभाषा आहे, सगळ्याच साम्राज्यांची अशी असते. असेलही. पण ती स्वतःविषयी काय सांगते तेही पाहा : सत्य, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमणारी, उपवास-नियम पाळणारी. वंश बुडवणाऱ्या मुलाची अहिंसेत रमणारी आई बौद्ध भिक्षूंना लेणे देते आहे. हा पेच तिच्या घरात होता. तो तिने लपवला नाही, सोडवलाही नाही. शेजारी शेजारी लिहून ठेवला.

आणखी एक काटा आहे, तोही झाकायचे कारण नाही. चार वर्णांचा संकर त्याने थांबवला, असे या लेखात कौतुकाने सांगितले आहे. आज हे वाचताना ठेच लागते आणि लागावी. पुढे याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातली, म्हणजे शकांच्या घरची होती, हे कान्हेरीच्या लेखावरून कळते. शकांचा नाश करणाऱ्याच्या घरात शकांची सून आली. संकर थांबवल्याची फुशारकी दगडात राहिली आणि संसार आपल्या वाटेने गेला. प्राचीन स्त्रीचा लेख म्हणून त्याची आरती करणाऱ्यांनी हेही वाचावे.

आता ज्या शब्दावरून या लेखाला नाव दिले त्याकडे येतो. तिसऱ्या लेण्याच्या त्याच ओसरीत गौतमीपुत्राच्या हयातीतले दोन आदेश कोरलेले आहेत. पहिला राज्यवर्ष 18 चा. तो विजयी सेनेच्या स्कंधावारातून, म्हणजे छावणीतून, गोवर्धनच्या विष्णुपालित नावाच्या अमात्याला धाडलेला आहे. कखडी गावचे जे शेत आजपर्यंत उषवदाताच्या ताब्यात होते त्यातली 200 निवर्तने जमीन या भिक्षूंना द्यावी. त्यात सरकारी माणसांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, वगैरे. विजय ताजा आहे. पराभूत जावयाचे शेत काढून दान केले आहे. सेनानी म्हणून गौतमीपुत्र आपल्याला प्रत्यक्ष भेटतो तो इथेच, छावणीतल्या हुकमात.

दुसरा आदेश राज्यवर्ष 24 चा, गोवर्धनच्याच श्यामक नावाच्या अमात्याला. हा एकट्या राजाचा नाही. राजाच्या आणि राजमातेच्या वचनाने तो दिला आहे, आणि राजमातेला तिथे विशेषण लावले आहे : जीवसुता. जिचा मुलगा जिवंत आहे अशी. राजा आजारी असावा, म्हणून आईचे नाव आले, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. कारण काहीही असो, हा शब्द अंगावर काटा आणतो. सवाष्ण हा शब्द आपल्याला परिचयाचा आहे, त्यात बाईची ओळख नवऱ्याच्या जिवंत असण्यावरून ठरते. येथे ती मुलाच्या जिवंत असण्यावरून ठरली आहे. आणि त्याच ओसरीत, पुढच्या लेखात, पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी, ती महाराजाची माता आणि महाराजाची आजी आहे. 'जीवसुता' तिथे नाही. असूच शकत नाही. राजा कधी गेला, कशाने गेला हे कोणताही लेख सांगत नाही. एक विशेषण गळाले एवढीच त्याच्या मृत्यूची नोंद.

त्या चोविसाव्या वर्षाच्या आदेशात सांगितले काय आहे? पूर्वी दिलेले कखडी गावचे शेत कसले जात नाही आणि ते गाव वसत नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या आमच्या राजकीय शेतातली 100 निवर्तने भिक्षूंना द्यावीत. बस. कारणमीमांसा नाही. सहा वर्षांपूर्वी ज्या मुलखात विजयी फौज उतरली होती त्या मुलखातले एक गाव ओस पडले आहे आणि त्याचे शेत पडीक आहे. युद्धामुळे, दुष्काळामुळे की धनी बदलल्यामुळे, ते आदेश सांगत नाही. पण प्रशस्तीत नगरजनांच्या सुखदुःखात सहभागी होणारा जो राजा आहे त्याच्या शेजारीच हे रिकामे गाव कोरलेले आहे, आणि तेही त्याच्या आईच्या नावाने.

टॅसिटसची आठवण इथे पुन्हा होते. रोमन विजयामागचा उजाडपणा त्याने ओळखला होता आणि तो त्याने शत्रूच्या सरदाराच्या तोंडी घातला. कॅल्गॅकसचे ते भाषण लॅटिन गद्यात अजरामर झाले आहे. ते भाषण टॅसिटसने रचलेले आहे हे सगळ्यांना माहीत आहे. कखडीचे रिकामे गाव कुणी रचलेले नाही. ते सरकारी कागदासारख्या कोरड्या भाषेत, जमीन बदलून देण्याच्या व्यवहारात आले आहे, म्हणून कोणी त्याला वाङ्मय म्हणत नाही. मला विचाराल तर या दोहोंत मी नाशिकची ओसरी निवडीन.

आणि भाषा पाहा. शेत 'कसणे', गाव 'वसणे'. ही दोन्ही क्रियापदे त्या आदेशात आहेत आणि आजही असोद्याच्या शिवारात तीच आहेत. कुळाच्या जमिनीचा वाद असो की घरचे वाटप, 'जमीन कोण कसतो' हाच प्रश्न विचारला जातो. लेखात 'लेण' आहे, ते आपले लेणे. प्रशस्तीच्या शेवटी पुळुमावी आजीला संतोष देण्यासाठी, लेण्याच्या सजावटीप्रीत्यर्थ एक गाव देतो आणि त्या दानाचे पुण्य वडिलांच्या पदरी घालतो, तेव्हा तिला 'अय्यका' म्हटले आहे आणि त्याला 'नता'. अय्यकेची आजी झाली आणि नताचा नातू. मधली जवळजवळ दोन हजार वर्षे मोजायला दुसरे माप नको.

मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी 2012 मध्ये रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती आणि भाषेचे प्राचीनत्व सिद्ध करताना सातवाहनकालीन प्राकृत, नाणेघाटातला लेख, गाथासप्तशती यांची साक्ष काढली गेली. ते आवश्यकच होते. पण साक्ष देऊन झाल्यावर साक्षीदाराला आपण घरी पाठवून दिले. आमच्या एम.ए.च्या वर्गात शिलालेख येतो तो भाषेच्या इतिहासाच्या तासाला, श्रवणबेळगोळचा आधीचा की अक्षीचा या वादापुरता. तेथेही प्रश्न वयाचा असतो, मजकुराचा नसतो. आजीच्या वयाचा दाखला काढून निवृत्तिवेतन सुरू करायचे आणि तिच्याशी बोलायचे मात्र नाही, अशातला हा प्रकार. नाणेघाटचा लेख नागनिकेचा, नाशिकचा बलश्रीचा. सातवाहनांचे दोन सर्वांत मोठे लेख दोन राजमातांचे आहेत, हे स्त्रीसाहित्यावरच्या आपल्या चर्चासत्रांत मी क्वचितच ऐकले आहे. आपली ती चर्चा महदंबेपासून सुरू होते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. लेख बलश्रीने स्वतः रचला याला पुरावा काय? दरबारातल्या कुणा कवीने तो रचला असणार. असणारच, इतके सफाईदार समास नित्याच्या सरावाशिवाय येत नाहीत. पण लेखनाची मालकी केवळ लेखणी धरणाऱ्याकडे असते काय, हा प्रश्न जळगाव जिल्ह्यातल्या माणसाने तरी विचारू नये. 1880 मध्ये असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी उतरून घेतली आणि बहिणाबाई 1951 मध्ये वारल्यानंतर, 1952 मध्ये, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपाने आली. लिहिणारा हात मुलाचा, आणि कविता आईची, यात कुणाला शंका वाटत नाही. आज विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. नाशिकला आईने मुलाला दगडात ठेवले, जळगावला मुलाने आईला कागदावर आणले. रचना कवीची असली तरी काय सांगायचे, काय गाळायचे, आईच्या सेवेचा उल्लेख राहू द्यायचा की नाही, हे ठरवणारी व्यक्ती ओसरीत उभी होती.

लोकांच्या स्मृतीत गौतमीपुत्र राहिला नाही, हेही नोंदवले पाहिजे. राहिला तो शालिवाहन. पैठणच्या कुंभारवाड्यातला, बाप कोण हे नीट ठाऊक नसलेला, मातीचे सैनिक करून त्यांत प्राण फुंकणारा पोर. गुढीपाडव्याला आपण त्याचे नाव घेतो, त्याच्या नावाने जो शक मोजतो त्यात हरवलेल्या शत्रूचे नाव तसेच राहिले आहे, आणि प्रत्यक्षातले सातवाहन राजे तर आपल्या राज्यवर्षांनीच मोजत होते. दंतकथेने इतिहासातले जवळजवळ सगळे टाकून दिले, पण एक गोष्ट ठेवली : आईच्या नावाने ओळखला जाणारा मुलगा. (मातृनामे त्या काळी केवळ राजांची नव्हती. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याचे दर्शनी मुख करवणारा दातासुद्धा स्वतःला वासिष्ठीपुत्र म्हणवतो. वारसा मात्र बापाकडूनच चाले, तेव्हा त्यावरून मातृसत्ता वगैरे सिद्ध करू नये.) तेलुगू चित्रपटसृष्टीने 2017 मध्ये 'गौतमीपुत्र सातकर्णी' काढला, त्यात नंदमुरी बालकृष्ण राजा आहे आणि बलश्रीची भूमिका हेमा मालिनी यांनी केली आहे. चित्रपट तलवारीचाच आहे आणि तो तसा असायला हरकत नाही. आंध्र आपला राजा म्हणून त्याच्यावर हक्क सांगतो, आपण आपला म्हणून सांगतो. या ओढाओढीत दोन्ही बाजूंना हवा असतो तो घोड्यावरचा राजा. पडीक शेताची ओळ कुणालाच नको असते.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आणि कामापुरती आहे. एम.ए. मराठीच्या पहिल्या सत्रात या ओसरीतले तीन लेख एकत्र, मूळ प्राकृत आणि मराठी अनुवाद शेजारी ठेवून, नेमावेत. क्रम लेखांच्या वर्षांचा ठेवावा : गौतमीपुत्राचे वर्ष 18, मग 24, आणि मग पुळुमावीचे 19. आधी छावणीतला हुकूम, मग ओस गाव आणि जीवसुता, मग प्रशस्ती. प्रशस्ती अशी शेवटी वाचली की तिचा आवाज बदलतो. घोडे तीन समुद्रांचे पाणी पितात तिथवर येईतो विद्यार्थ्याला कखडीचे शेत ठाऊक झालेले असते. शिकवणाऱ्याला त्यासाठी पुराभिलेखशास्त्री व्हावे लागत नाही. मिराशींचे पुस्तक आणि थोडी चिकाटी पुरते. शैक्षणिक सहल अजिंठ्याला जातेच, एखाद्या वर्षी ती नाशिकला न्यावी. ओसरीच्या खाली सहा यक्ष खांद्यांवर सगळे लेणे तोलून बसले आहेत. मागच्या भिंतीवर दाराजवळ तो लेख आहे. अक्षरे झिजलेली आहेत. सकाळच्या तिरप्या उजेडात बरी दिसतात.